शेवाळाच्या तेलात कार्बन आला कुठून?

मा. संपादक,
स. न.

एक एन्झाइम काढून टाकले की शेवाळ हवेतला कार्बन खाऊन तेल देते, अशा अर्थाचा मजकूर आपल्या विज्ञान पुरवणीत आला होता. तो इकडे मोबाइलवर बराच फिरला. आता गावात कोणीही भेटले की विचारतो, "सर, आपल्या तलावातून डिझेल निघन का?" म्हणून हे पत्र.

मजकुरातला अर्धा भाग खरा आहे. ते शेवाळ म्हणजे क्लॅमिडोमोनास; हे नाव अकरावीची मुले पाठ करतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी ही एकच पेशी, तिला दोन कशाभिका, म्हणजे पोहायच्या शेपट्या, आणि पेल्याच्या आकाराचे एक हरितलवक. तिचा नत्राचा पुरवठा तोडला की वाढ थांबते आणि हाती असलेला कार्बन ती स्टार्च व तेल म्हणून साठवू लागते. स्टार्चच्या वाटेवर एडीपी-ग्लुकोज पायरोफॉस्फोरायलेज नावाचे एन्झाइम असते. ते ज्या वाणात नाही, तो वाण ओळखायची पद्धत फार सुरेख आहे. बशीत वाढवलेल्या ठिपक्यांवर आयोडीनची वाफ सोडायची. साधे ठिपके काळे-जांभळे पडतात, हे मात्र पिवळटच राहतात. स्टार्चची वाट बंद झाल्याने यांच्या पेशीत तेलाचे थेंब जास्त भरतात, हेही खरे.

पण त्या बशीत ॲसिटेट घातलेले असते, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचेच मीठ. स्टार्च नसलेल्या या वाणात तेल किती साठेल हे बरेचसे त्या ॲसिटेटवर ठरते. मग सगळा कार्बन हवेतून आला असे कसे म्हणायचे? नेमकी हीच ओळ मजकुरात नव्हती.

दुसरे एक एन्झाइम घ्या, आयसोसायट्रेट लायेज. याची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. अंधारात ही पेशी ॲसिटेटवर जगते. ॲसिटेटचे दोन कार्बन क्रेब्स चक्रात, म्हणजे अन्न जाळून ऊर्जा काढणाऱ्या पेशीतल्या क्रियांच्या फेऱ्यात, शिरतात आणि एका फेऱ्यात दोनच कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात. ऊर्जा मिळते, पण अंग बांधायला हाती काहीच उरत नाही. कॉर्नबर्ग आणि क्रेब्स यांनी 1957 मध्ये दाखवलेले ग्लायॉक्सिलेट चक्र ही गळती टाळणारी आडवाट आहे, आणि तिच्या तोंडाशी हे एन्झाइम बसलेले असते. ते नसलेला वाण अंधारात ॲसिटेट असूनही वाढत नाही. उजेडात प्रकाशसंश्लेषण चालू असल्याने त्याचे भागते. म्हणजे एन्झाइम गेल्याने काय होईल, हे पेशीला खायला काय दिले आणि दिवा चालू आहे की बंद, यावर ठरते. धानाच्या बांधीत आपण उतेऱ्याला, म्हणजे उभ्या धानातच, जवस टाकतो. ते रुजताना बियांतल्या तेलाची साखर होते, तीही याच आडवाटेने.

आता आमच्या तलावाविषयी. बांध्यांतला युरिया त्यात वाहून येतो, दुपारभर म्हशी बसून असतात. नत्राचा उपास तिथे घडवणार कोण? शिवाय ते हिरवे पाणी म्हणजे एक वाण नव्हे, दहा जातींची खिचडी असते.

संशोधन निरुपयोगी आहे असे मला म्हणायचे नाही. कोणत्या वाटेने कार्बन कुठे जातो हे कळायला असे अपंग वाण लागतातच, आणि ते वाचायला मुलांना आवडते. ते जरूर छापा, फक्त कार्बन कुठून आला ते सोबत द्या. भंडारा-गोंदियाकडे अनेक तलाव मच्छीमार संस्थांकडे असतात. उद्या कोणी 'शेवाळ प्रकल्पा'चा कागद घेऊन ढीवर बांधवांच्या दारी आलाच, तर सही करण्याआधी त्यांनी एवढेच विचारावे: ॲसिटेट कोण विकत आणणार, आणि पाण्यातले नत्र कसे तोडणार?

आपला,
एक जीवशास्त्र शिक्षक,
ता. लाखांदूर, जि. भंडारा