डब्यातल्या नाण्यांचा हिशेब

नौपाडा, ठाणे

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

वि. वि. गणपतीत तुम्ही विकायला माझ्याबरोबर दिलेल्या आजोबांच्या जुन्या नाण्यांच्या पितळी डब्याचा हिशेब लिहायला बसले आहे. फोनवर बाबा "लाखाच्या खाली देऊ नकोस" एवढंच म्हणतात आणि आई मागून "जाऊ दे गं" म्हणते. त्यात मूळ गोष्ट राहून जाते, म्हणून पत्र.

आधी बाबांशी बोलते. बाबा, आईने चुगली केलेली नाही. तुमच्या फोनमधला तो मेसेज मीच पाहिला. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला दहा लाख मिळणार आणि त्यासाठी आधी नोंदणीचे 2,100 भरायचे. ते नाणं 2012 सालचं. तेव्हा भरपूर निघालं, आजही भाजीवाल्याकडे सुट्ट्या पैशांत येतं. रिझर्व्ह बँकेने तर ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलंय, की आमच्या नावाने जुनी नाणी-नोटा विकत घेतो म्हणून कुणी फी, कमिशन, टॅक्स मागितला तर तो आम्ही नव्हे. तुम्ही पैसे भरले असतील तर संकोच करू नका, सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवा. एक लक्षात ठेवा, आपल्याला पैसे यायचे असतील तर यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. मलासुद्धा विक्री करताना दोघांनी "ताई, हा कोड स्कॅन करा, पैसे पाठवतो" म्हणून पाहिलं.

आता रुपये. तुमचा सगळा भर व्हिक्टोरिया राणीच्या 1862 च्या रुपयावर होता, दीडशे वर्षांहून जुना म्हणून. पण गंमत अशी, की 1862 हेच साल घालून टांकसाळीने तो रुपया पुढे 1874 पर्यंत पाडला. म्हणून तो पोत्याने सापडतो. उलट 1939 चा रुपया राणीच्या नातवाच्या मुलाचा, वयाने कितीतरी लहान, पण बाहेर आला थोडाच, म्हणून संग्राहक त्याच्यामागे असतात (आणि म्हणूनच त्याच्या नकलाही फार). आपल्याकडे 1939 नाही. मी डबा दोनदा उपडा करून पाहिला. डुकराचा रुपयाही नाही. 1911 मध्ये पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि पुढच्या वर्षी सोंड नीट काढली. आपला 1912 चा, म्हणजे हत्ती झाल्यानंतरचा.

तरीही या रुपयांना एक भाव असतोच, चांदीचा. जुना रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे तोळाभर, आणि त्यात 91.7 टक्के चांदी, धरा 10.69 ग्रॅम. 1940 पासून चांदी 50 टक्क्यांवर आली, त्यामुळे आपले 1944-45 चे तीन रुपये तेवढ्याच वजनाचे असूनही चांदीत साधारण निम्मे भरतात. मी सोनारासारखा छोटा काटा आणला. झिजलेला रुपया थोडा कमी भरतो, ते चालतं. पण एक 10.2 भरला आणि लोहचुंबकाला चक्क चिकटला. तो बाजूला काढलाय. आजोबांना कुणीतरी गंडवलं असणार.

आणि आई, ते 1818 सालचं, कंपनी सरकारचं नाव आणि हनुमान असलेलं जाड तांब्याचं नाणं! कंपनीने तसलं नाणं कधीच काढलं नाही. ती जत्रेतली टोकनं. त्याच्यात वीज असते, ते तांदूळ ओढतं, असं सांगून लोकांना लुबाडतात. तू ते देव्हाऱ्यात ठेवत होतीस, तिथेच राहू दे.

भाव ठरवताना मी सुरुवातीला चुकलेच. इंटरनेटवर लोकांनी लावलेले भाव बघून मीही तेवढे लावले, आणि दोन आठवडे कुणी विचारलं नाही. सांगायला काय, जांभळी नाक्यावरही मेथी सकाळी साठ सांगतात आणि संध्याकाळी वीसला देतात. बघायचा तो मिळालेला भाव. म्हणून मग लिलाव करणाऱ्यांच्या झालेल्या विक्रीच्या याद्या वाचल्या आणि स्टेशनजवळ राहणाऱ्या एका संग्राहक काकांकडे डबा घेऊन गेले. त्यांनी राणीचा रुपया दिव्याखाली तिरका धरला आणि एवढंच म्हणाले, "घासलंय."

आई, तुला वाईट वाटेल, पण तेच खरं. दर लक्ष्मीपूजनाला तू चिंच आणि राखुंडी लावून रुपये लख्ख करतेस. आपल्याला ते चकचकीत दिसतात, पण काकांच्या भिंगाखाली त्यांवर बारीक ओरखडे होते, आणि राणीच्या केसांच्या बटा तर जवळजवळ सपाट. चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला काळपट-निळसर रंग संग्राहकाला हवा असतो, त्याचे तो जास्त पैसे देतो. आपण तो दरवर्षी धुऊन टाकला. तुझी पूजा चुकली असं मी म्हणत नाही, घरचे रुपये पूजेसाठीच होते. विकायचा विचार तर आत्ता आला.

तर विकलं काय? 1944-45 चे तीनही रुपये आणि 1919 चा एक. चांदीच्या त्या दिवसाच्या भावावर थोडे पैसे वर मिळाले, तेही व्हॉट्सॲपवरच्या रात्रीच्या लिलावात. फोटो खिडकीच्या उजेडात, दोन्ही बाजूंचे, आणि "घासलेलं आहे" हे मीच लिहिलं. लपवलं असतं तर पार्सल परत आलं असतं. पाकिटात नाणं पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत घट्ट चिकटवते, कारण खुळखुळलं की आत काय आहे ते सगळ्यांनाच कळतं. राणीच्या रुपयासाठी एकाने दुबईहून विचारलं होतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याने देशाबाहेर धाडता येत नाही, म्हणून त्याला नाही म्हटलं.

शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, मात्र मी विकलेल्या नाहीत. अकरा आहेत, बहुतेक दुदांडी, म्हणजे अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या. बाजारात एकेकीला शे-दोनशे येतील, कारण त्या अमाप पाडल्या गेल्या. पण एकीवर "श्री राजा शिव" अजून बोटाला लागतं. बाबा, या आजोबांना कुठे मिळाल्या, शेतात की सासुरवाडीला, हे आठवेल तसं मला कागदावर लिहून पाठवा. काका म्हणाले, नाण्याबरोबर त्याची हकिगत असली तर ठेवून द्यावी.

पैसे आईच्या खात्यात टाकलेत. उरलेला डबा घेऊन दिवाळीला येतेच आहे. आई, यंदा चिंच भिजत घालू नकोस.

तुमची,
धाकटी