हजेरीत नाव नसलेल्यांकडून

माझी आई नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याहून दिंडोरीकडे द्राक्षबागेच्या कामाला यायची. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत आमचा मुक्काम बागेतल्या पत्र्याच्या शेडात. धाकटा भाऊ झोळीत, आणि झोका द्यायचं काम माझं. मी पाच वर्षांची होते.

गावातल्या अंगणवाडीत माझं नाव नव्हतं. आम्ही तिथले नव्हतोच. तरी तिथल्या ताईंनी एकदा दारातून हाक मारली, "अगं, बाळालाही घेऊन ये." झोळी अंगणवाडीच्याच आढ्याला टांगली गेली. मला मराठी धड कळायचं नाही, घरी कोकणा आदिवासींची बोली. मग ताईच माझ्याकडून शब्द शिकायच्या. चिंचोके मोजायला मी तिथेच शिकले. त्या ताईंचं नाव मी कधी विचारलंच नाही, याची आता लाज वाटते.

१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत मुलांच्या अंगणात शाळा नेली, हे मला डी.एड.ला कळलं. परीक्षेत त्यावर पानभर लिहिलं, पण डोळ्यांपुढे ती झोळीच होती.

गेली चार वर्षं हंगामात आम्ही बागेच्या बांधावर बालवाडी भरवतो. शेड मोकळी करून देणारे बागाईतदार, सतरंज्या फुकट पोचवणारे पिकअपवाले दादा, पंचवटीतून पाट्यांचा गठ्ठा पाठवून नाव न सांगणाऱ्या आजी, तुमचे मनापासून आभार. आणि ताई, तुमचेही.

यंदाची छाटणी सुरू झालीय. झोळीसाठी जुनी नऊवारी असेल तर ठेवा.