'संशयकल्लोळ'मधल्या रेवतीलाच कात्री का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत संशयकल्लोळ'चा प्रयोग लागला की दादर असो, पार्ले असो, गिरगाव असो, मी जातेच. पण हल्ली एक गोष्ट फार खटकते म्हणून हे पत्र. नाटक अडीच तासांत बसवायचं तर काटछाट होणार हे मान्य, पूर्वीसारखं वन्समोअर घेत रात्र रात्र गाणं आता शक्य नाही, लोकांना घरीही जायचं असतं. पण कात्री दरवेळी नायिकेवर, रेवतीवरच का? संशयी फाल्गुनरावाचा थयथयाट, त्याच्या बायकोची, कृत्तिकेची आदळआपट, नोकर भादव्याची लावालावी सगळं शाबूत, वर मोबाइलचे आणि सोसायटीच्या मीटिंगचे विनोद घुसडलेले, आणि रेवती बिचारी पदं म्हणण्यापुरती येते आणि जाते.

परवाच्या एका प्रयोगात तिचा प्रियकर अश्विनशेठ तिच्यावर संशय घेतो तो प्रवेश चार वाक्यांत उरकला, तिचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं तोवर ऑर्गनवर पुढच्या पदाचे सूर सुरू. माझ्या मागच्या रांगेतली कॉलेजमधली मुलगी मैत्रिणीला विचारत होती, "ही नक्की कोण गं, याची बायको का?" तिचा काय दोष, तिला कळावं असं काही ठेवलंच नव्हतं.

रेवती नायकिणीची (गणिकेची) मुलगी आहे आणि तिला लग्न करून संसार करायचाय. सगळं नाटक इथे आहे. रस्त्यात तिला चक्कर येते, फाल्गुनराव सावरायला जातात, कृत्तिका ते बघते, रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला मिळते आणि मग ती फाल्गुनरावांच्या नजरेला पडते, हा गोंधळ धमाल आहेच, मी दरवेळी पोट धरून हसते. पण बघा ना, फाल्गुनराव आणि कृत्तिकेचं भांडण मिटलं की ते नवरा-बायकोच राहतात, त्यांची अब्रू कुठे जात नाही. रेवतीवर संशय आला की तिचं सगळंच जातं, कारण 'शेवटी नायकिणीचीच पोर' असं म्हणायला सगळा समाज टपलेलाच असतो, आणि तिच्यावर एवढा जीव असलेला अश्विनशेठही एका तसबिरीवरून तेच धरून बसतो. प्रतिष्ठित लोकांचं सोंग देवलांनी नेमकं तिथे उघडं पाडलंय.

मूळ गोष्ट फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६६० च्या प्रहसनातली, इंग्रजीतून देवलांकडे आलेली. पण मोलिएरची नायिका सरळ चांगल्या घरातली, बापाच्या धाकात असलेली मुलगी आहे, तिला नायकिणीच्या घरी जन्माला घातली ती देवलांनी. संस्कृत 'मृच्छकटिक' मराठीत आणताना गणिका वसंतसेना त्यांच्या हाताखालून गेलेली, 'शारदा'त म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी पोर त्यांनीच लिहिली, तेव्हा रेवती काही सहज सुचलेली नाही. आणि शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' करणारेही देवलच! तिथे रुमालावरून बायकोचा जीव जातो, इथे तसबिरीवरून हशा होतो, पण संशय तोच आहे, हे रेवतीचा प्रवेश नीट झाला तरच जाणवतं.

आधी 'फाल्गुनराव' म्हणून गद्य असलेलं हे नाटक पदं घालून १९१६ ला गंधर्व नाटक मंडळीने आणलं (देवल त्याच वर्षी गेले), तेव्हा फाल्गुनराव गणपतराव बोडस होते आणि रेवती स्वतः बालगंधर्व. कंपनीचा सगळ्यात मोठा नट ज्या भूमिकेत उभा राहिला तिला आपण आज भरतीची गाणारी करून टाकलीय याचं मला खरंच वाईट वाटतं.

निर्मात्यांना हात जोडून सांगणं आहे, वेळ कमी पडत असेल तर नवे विनोद काढा, पदाची एखाद-दोन आवर्तनं कमी करा, पण रेवती-अश्विनशेठचे प्रवेश संहितेत आहेत तसे करा. गाणारी मुलगी निवडताना तिला गद्यही बोलता येतं का ते बघा आणि तालमीत त्यावर वेळ द्या. आणि तुमच्या समीक्षकांनाही विनंती, परीक्षणात गायन कसं झालं, हशे किती आले यासोबत कुठले प्रवेश गाळले तेही लिहीत जा, म्हणजे तिकीट काढायच्या आधी आम्हाला कळेल.

आपली,
एक वाचक, गिरगाव, मुंबई