काचेचे छप्पर चित्रातून काढावे

महोदय,

जागतिक तापमानवाढीविषयीचा मजकूर छापून येतो तेव्हा त्यासोबत बहुतेक वेळा एक ठरावीक चित्र असते. पृथ्वीचा गोल, त्यावर काचेचा घुमट, आत शिरणारे पिवळे बाण आणि घुमटाला आपटून पुन्हा खाली येणारे तांबडे बाण. खाली ओळ असते, ‘सूर्याची उष्णता आत येते, पण बाहेर पडू शकत नाही.’ भौतिकशास्त्राचा शिक्षक या नात्याने सुरुवातीची काही वर्षे मीही फळ्यावर हेच चित्र काढत होतो, तेव्हा दोष एकट्या वृत्तपत्रांना देता येणार नाही. पण हे चित्र चुकीचे आहे, आणि हरितगृह परिणामाविषयी, म्हणजे हवेतल्या काही वायूंमुळे पृथ्वी उबदार राहते त्याविषयी, घेतल्या जाणाऱ्या बऱ्याचशा शंकांना त्यातूनच खतपाणी मिळते असे माझे मत झाल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

घोटाळा नावापासूनच सुरू होतो. हरितगृह म्हणजे रोपांसाठी बांधलेले काचघर. काचघर तापते ते मुख्यतः आतली गरम हवा वर निघून जाऊ शकत नाही म्हणून. छपराजवळची एक खिडकी उघडली की ते लगेच निवू लागते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ मध्ये एका पेटीवर काच आणि दुसरीवर अवरक्त किरणांना, म्हणजे उष्णतेच्या अदृश्य किरणांना, आरपार जाऊ देणारी खनिज मिठाची चकती बसवून दोन्ही उन्हात ठेवल्या, तेव्हा त्या जवळजवळ सारख्याच तापल्या. म्हणजे काचघराच्या उबेत किरण अडण्याचा वाटा किरकोळ, तर वातावरणाच्या उबेत तोच मुख्य. मराठीत तर या नावाने आणखी एक गंमत केली आहे. ‘हरित’ शब्दाला भुलून हरितगृह वायू म्हणजे झाडांनी सोडलेला, पर्यावरणाला पोषक वायू, असे उत्तर लिहिणारा विद्यार्थी मला जवळपास दरवर्षी भेटला.

उष्णता खरोखरच बाहेर पडू शकत नसती, तर समुद्र केव्हाच उकळून गेले असते. रात्र-दिवस आणि सगळे ऋतू मिळून सरासरी काढली, तर पृथ्वी दर चौरस मीटरमागे सुमारे २४० वॅट इतकी सौर ऊर्जा शोषते आणि जवळजवळ तेवढीच अवकाशात परत पाठवते. परत पाठवण्यात सध्या पडणारी तूट आहे ती एका वॅटच्या आसपास. आकडा क्षुल्लक वाटतो खरा, पण पृथ्वीचा पृष्ठभाग ५१ कोटी चौरस किलोमीटरचा आहे आणि ही तूट रात्रंदिवस साचत राहते. साचलेल्या उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्रात मुरतो. तेव्हा उष्णता अडकली आहे, असे म्हणण्यापेक्षा जमाखर्च बिघडला आहे, असे म्हणणे अधिक बरोबर.

तो कसा बिघडतो हे समजण्यासाठी किरणांचा फरक लक्षात घ्यावा लागतो. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापलेला असल्याने त्याची ऊर्जा प्रामुख्याने दृश्य प्रकाश आणि त्यालगतच्या किरणांच्या रूपाने येते, आणि स्वच्छ हवा तिला फारशी अडवत नाही. पृथ्वीचे सरासरी तापमान जेमतेम १५ अंश, म्हणून ती ऊर्जा परत पाठवते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या, दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासच्या तरंगलांबीच्या अवरक्त किरणांच्या रूपाने. कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग व्यापणाऱ्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनला या किरणांशी काही देणेघेणे नसते, कारण दोन सारख्या अणूंचा रेणू कितीही थरथरला तरी त्याच्या विद्युतभाराचा तोल ढळत नाही. कार्बन डायऑक्साइडचा तीन अणूंचा रेणू मात्र मधोमध लवतो, आणि त्या लवण्याची लय पंधरा मायक्रॉनच्या किरणांशी जुळते. तो किरण शोषतो, शेजारच्या रेणूंना धक्के देत ती ऊर्जा हवेत वाटतो आणि हवेच्या तापमानाप्रमाणे स्वतःही सर्व दिशांना किरण सोडत राहतो, त्यांतले काही खाली जमिनीकडे येतात. बाष्प, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हेच काम आपापल्या तरंगलांबींवर करतात.

खाली येणारे हे किरण काल्पनिक नाहीत. भट्टीचे किंवा यंत्राचे तापमान दुरून मोजण्यासाठी वापरतात तो बंदुकीच्या आकाराचा अवरक्त तापमापक रात्री निरभ्र आकाशाकडे रोखावा. आकडा जमिनीच्या तापमानापेक्षा पुष्कळच खाली उतरतो. तेवढ्यात एखादा ढग समोर आला की तोच आकडा भराभर वर चढतो. निरभ्र रात्री गारठा अधिक आणि ढगाळ रात्री उबारा अधिक, हा सर्वांचा अनुभव असतोच. यंत्रावर तो अंकांत दिसला की वर्ग एकदम शांत होतो. हे वायू आणि ढग अवरक्त किरण अडवत नसते आणि सूर्याची ऊर्जा आहे तेवढीच शोषली जात असती, तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंश राहिले असते. त्यामुळे हरितगृह परिणाम हा मुळात शत्रू नव्हे. तक्रार आहे ती त्यात आपण घातलेल्या भरीची.

आता त्या शंकेकडे येतो जिच्यापुढे काचेचे छप्पर टिकत नाही. शंका जुनी आहे. १९०० मध्ये स्वीडनचे क्नुट आँगस्ट्रॉम यांनी ती प्रयोगाच्या आधाराने मांडली होती. कार्बन डायऑक्साइड आपल्या वाट्याचे किरण जमिनीलगतच्या थोड्या अंतरातच शोषून घेतो, तर मग त्यात आणखी भर पडल्याने काय फरक पडणार? छपराला एक काच असली काय आणि दोन असल्या काय, किरण अडायचे ते अडलेच. प्रश्न बिनतोड वाटतो, आणि काचेच्या चित्रात त्याला उत्तर नाही.

उत्तर उंचीत आहे. अवरक्त किरण जमिनीवरून थेट अवकाशात फारसे जात नाहीत. शोषले जाणे आणि पुन्हा सोडले जाणे असे टप्पे घेत ते वर सरकतात आणि हवा पुरेशी विरळ झाली की तिथून निसटतात. ही निसटण्याची पातळी सरासरीने साधारण पाच किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथले तापमान उणे १८ अंशांच्या आसपास आहे. हवा वर जाताना दर किलोमीटरला सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणून पाच किलोमीटर खाली उतरल्यावर जमिनीवर १५ अंश मिळतात. हिशेब तोंडी करता येतो. वातावरणात कार्बन डायऑक्साइडची भर पडली की ही पातळी वर सरकते. वरची हवा अधिक थंड, आणि थंड वस्तू कमी ऊर्जा सोडते. म्हणून खर्च घटतो, जमा तेवढीच राहते आणि ती नवी पातळी पुरेशी गरम होईपर्यंत खालचे सगळेच तापत जाते. पातळी दीडशे मीटर उचलली गेली, तर जमिनीवर सुमारे एक अंशाची वाढ होते. जमिनीलगत किरण किती लवकर शोषले जातात, याने या हिशेबात फरक पडत नाही.

या ज्ञानाला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवणाऱ्या युनिस फूट या अमेरिकी महिलेने १८५६ मध्ये नोंदवले की कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वाधिक तापते आणि निवायलाही कितीतरी अधिक वेळ घेते. तिच्या प्रयोगात सूर्याचे किरण आणि पृथ्वीचे किरण वेगळे करण्याची सोय नव्हती. अवरक्त किरणांचे शोषण नेमके मोजण्याचे काम १८५९ पासून जॉन टिंडल यांनी केले. १८९६ मध्ये स्वांटे अऱ्हेनियस यांनी कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल असे गणित केले, ते आजच्या सुमारे तीन अंशांच्या अंदाजापेक्षा जास्त असले तरी हाताने केलेल्या आकडेमोडीसाठी थक्क करणारे आहे.

या तीन अंशांत कार्बन डायऑक्साइडचा स्वतःचा वाटा एका अंशाहून थोडाच अधिक आहे. बाकीची भर मुख्यतः बाष्पाची, कारण हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, आणि बाष्प स्वतःच प्रबळ हरितगृह वायू आहे. ‘खरा हरितगृह वायू बाष्पच, मग कार्बनला का धरता?’ असे विचारणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की जादा बाष्प काही दिवसांत पाऊस होऊन खाली येते, तर कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके हवेतच राहतो.

हवेत त्याचे प्रमाण फक्त ०.०४ टक्के आहे, हेही वारंवार ऐकवले जाते. ते खरेच आहे; पण ९९ टक्के हवा या किरणांच्या बाबतीत बघ्याच्या भूमिकेत असताना उरलेल्यांतला हिस्सा पाहायला हवा. औद्योगिक क्रांतीपूर्वी हे प्रमाण दशलक्षात २८० होते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतील मौना लोआ येथे मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ च्या घरात होते आणि आता ४२० च्या वर गेले आहे. भर आपलीच कशावरून? एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड सुमारे २.३ किलो, हवेतला ऑक्सिजन त्याला जोडला जातो, हे सांगेपर्यंत विद्यार्थ्यांचा यावर विश्वास बसत नाही. शिवाय कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिल्याने त्यांत कार्बन-१४ हा कालांतराने विरून जाणारा कार्बनचा प्रकार उरलेला नसतो, आणि ते मुळात सजीवांपासून बनल्याने कार्बन-१३ हा किंचित जड प्रकारही कमी असतो. हवेतल्या कार्बनच्या या प्रकारांचे (समस्थानिकांचे) प्रमाण याच दिशेने बदलत आले आहे.

सूर्यच प्रखर झाला असेल, या युक्तिवादालाही वातावरणानेच उत्तर दिले आहे. सूर्यामुळे तापले असते तर स्थितांबर हा वातावरणाचा वरचा थरही तापायला हवा होता. प्रत्यक्षात तपांबर हा जमिनीलगतचा थर तापत असताना स्थितांबर थंड होत आहे. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांच्या १९६७ च्या गणितातून नेमके हेच निघाले होते.

म्हणून आपणास विनंती अशी की पुढच्या वेळी चित्र छापताना काचेचा घुमट काढून टाकावा. त्याऐवजी हवेचे थर दाखवावेत, अवकाशात जाणारा तांबडा बाण पाच किलोमीटरच्या उंचीवरून सुरू करावा आणि शेजारी तोच बाण थोड्या अधिक उंचीवरून, थोडा बारीक काढावा. ओझोनच्या थराचे छिद्र त्या चित्रात घालू नये. तो पूर्वी शीतकपाटांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्ल्युरोकार्बन वायूंमुळे उद्भवलेला निराळा प्रश्न आहे आणि त्या छिद्रातून ऊन आत शिरल्यामुळे पृथ्वी तापते, असे समजणारे सुशिक्षित वाचक आजही कमी नाहीत.

कळावे,
आपला,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक