व्हेनिसमध्ये माझ्या सासूबाईंना जेवू घालणाऱ्या मुलीला

प्रिय बाळा,

तुझं नाव लिहीत नाही, "काकू, नाव नको" असं तू म्हणाली होतीस. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. त्या दिवशी तू जे सांगितलंस ते आम्हा तिघांपुरतंच ठेवणं मला बरं वाटत नाही.

व्हेनिसच्या दोर्सोदुरो भागातल्या त्या चौकात, नळापाशी आपली गाठ पडली. सासूबाई मला हळूच विचारत होत्या, "हे पाणी तरी फुकट आहे का गं?" आणि पाठीमागून तू म्हणालीस, "आजी, फुकट आहे आणि प्यायचंच आहे. बाटली भरून घ्या." असे नळ त्या शहरात ठिकठिकाणी आहेत, आणि आम्ही दोन दिवस पाणी विकत घेत होतो.

त्याआधी काय झालं होतं ते तुला पुरतं सांगितलं नाही, आता सांगते. मुलीच्या पदवीदानासाठी म्युनिकला आलो होतो. तिला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही तिघंच चार दिवसांसाठी व्हेनिसला निघालो. पहिल्याच दुपारी सान मार्को ह्या मुख्य चौकाजवळ एका हॉटेलात बसलो. मेन्यूवर माशापुढे सात युरो लिहिलेलं वाचून ह्यांनी मासा मागवला. कोकणातला माणूस, मासा बघून राहवलं नाही. तो आकडा शंभर ग्रॅमचा होता आणि मासा निघाला साडेसहाशे ग्रॅमचा. वर माणशी चार युरो नुसते टेबलावर बसल्याचे. बिल नव्वद युरोंच्या वर गेलं. सासूबाईंनी ह्यांना विचारलं, "आपल्या पैशात किती?" ह्यांनी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

त्या क्षणापासून सासूबाईंची भूक गेली. संध्याकाळी "मला नको, पोट भरलंय." दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं केळं आणि पावाचा तुकडा. दुपारी "तुम्ही खा, मी बसते." वय चौऱ्याहत्तर, त्यात माळकरी, म्हणजे मांस-मासे नाहीत, अंडंही नाही. त्या खोटं बोलताहेत हे मला कळत होतं. आग्रह करायला हवा होता, पण मीही मनात हिशेबच करत होते. हे लिहिताना अजून लाज वाटते.

तू नळापाशी त्यांना विचारलंस, "आजी, जेवलात?" त्या "हो" म्हणाल्या आणि तू माझ्याकडे बघितलंस. बाळा, तुझ्या त्या बघण्याचेच आभार मला आधी मानायचे आहेत. बाकीचं सगळं त्यानंतर.

मग तू ते बिल मागितलंस आणि एकेक ओळ समजावलीस. 'कोपेर्तो' म्हणजे टेबलाचे माणशी पैसे, मेन्यूवर कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेले असतात. 'एत्तो' म्हणजे शंभर ग्रॅम, माशाच्या भावापुढे हा शब्द दिसला की आधी वजन विचारायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकाच दुकानात एकाच कॉफीचे दोन भाव असतात: काउंटरपाशी उभ्याने प्यायली तर सव्वा-दीड युरो, टेबलावर नेऊन दिली तर कितीतरी जास्त. "इथली कामावर जाणारी माणसं उभ्यानेच खातात, काकू. त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहायचं," असं म्हणून तू त्याच बिलाच्या पाठीवर लिहायला लागलीस.

मग स्वतः आम्हाला कालव्याकाठच्या 'बाकारो'त घेऊन गेलीस. बाहेरून नुसती एक अरुंद खोली, आत काचेच्या कपाटात पावाच्या चकत्यांवर रचलेले पदार्थ. त्या पदार्थांना 'चिकेत्ती' म्हणतात, तिथे एकेक दोन युरोंना. तू आत शिरण्याआधी थांबलीस आणि सासूबाईंना स्पष्ट सांगितलंस, "आजी, इथे वाइन विकतात. पण नुसतं पाणी घेतलं तरी कोणी काही म्हणत नाही. तुम्हाला चालत नसेल तर दुसरीकडे जाऊ." त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वारीत कुणाकुणाच्या ओसरीवर जेवलोय आम्ही. चल." आणि उभ्याने खाऊ नये हे त्यांचं आयुष्यभराचं वळण ओळखून तू मालकाकडून एक स्टूल मागून आणलंस. त्याचे त्याने काही घेतले नाहीत.

काय काय खाल्लं त्या दिवशी! पोलेंता म्हणजे मक्याचा रवा शिजवून थापलेला, वड्या कापून भाजलेला. त्या भागात तो पांढऱ्या मक्याचाही करतात, तसाच होता. वर अळंबी. तू आधी इटालियनमध्ये विचारून घेतलंस, अळंबीत मांसाचा रस्सा नाही ना. सासूबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, ह्या तर कण्याच." आर्टिचोक नावाच्या भाजीचा बुडखा लसूण आणि तेलावर शिजवलेला, निळं चीज आणि अक्रोड लावलेला पाव. ह्यांच्यासाठी तू 'साओर'मधली तारली घेतलीस, तळून कांदा, व्हिनेगर आणि बेदाण्यांत मुरवलेली. जुन्या खलाशांची ही टिकवायची रीत, असं तू सांगितलंस. आणि नॉर्वेहून येणाऱ्या सुक्या कॉड माशाची तेलात घोटलेली पांढरी मऊ पेस्ट. सुक्या बोंबलावर वाढलेल्या माणसाला त्या सुक्या माशाचं केवढं अप्रूप! पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी एका व्हेनिशियन कप्तानाचं जहाज फुटलं, तो नॉर्वेच्या लोफोतेन बेटांवर जाऊन पोहोचला आणि तिथे त्याला हा सुका मासा दिसला, ही गोष्ट हे आता चिपळूणला येईल त्याला सांगतात. नऊ तुकडे झाले, अठरा युरो. सासूबाईंनी चार खाल्ले आणि म्हणाल्या, "ते कण्यांचं अजून एक मिळेल का?" मी तोंड फिरवून कालव्याकडे बघत राहिले.

पुढचे दोन दिवस आम्ही तुझ्या त्या कागदावर काढले. सकाळी रियाल्तोचा बाजार, जिथे भाजीवाले आर्टिचोक सोलून त्याचे बुडखे लिंबाच्या पाण्यात तरंगत ठेवतात. तिथे फळं घेतली. पियाझाले रोमा ह्या चौकाजवळच्या 'दा लेले' दुकानात छोटे पाव मिळतात, तिथे ह्यांचा नाश्ता. कान्नारेज्यो भागात जुन्या थिएटरमध्ये थाटलेला सुपरमार्केट, छतावर चित्रं आणि खाली दही, पाव, टोमॅटो. चीज भरून तळलेल्या त्या पावाबद्दल तू आधीच बजावलं होतंस, "मोझरेल्ला इन कारोत्सा आजींना देऊ नका, आत हॅम नाहीतर अँचोव्ही मासा असतो." ते वाचलं नसतं तर मी त्यांना हौसेने तेच दिलं असतं. सान मार्कोच्या पायऱ्यांवर बसून डबा खाल्ला तर दंड होतो, तेव्हा पापादोपोली बागेतल्या बाकांवर बसा, हेही तू लिहिलं होतंस. आणि ग्रँड कॅनॉल ओलांडायला साडेनऊ युरोंच्या बोटीऐवजी दोन युरोंचा 'त्रागेत्तो'. गोंडोलाच तो, नुसता ह्या काठावरून त्या काठावर जाणारा. सासूबाईंची गोंडोलाची हौस त्यात फिटली.

मेस्त्रेत, म्हणजे व्हेनिसच्या जमिनीवरच्या भागात, आमच्या हॉटेलाजवळ व्हिया पियावे रस्त्यावर बांगलादेशी दुकानांत कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, मसूरडाळ मिळते, हे तर आम्हाला दुसरं कुणीच सांगितलं नसतं. शेवटच्या संध्याकाळी तिथून मिरच्या, कांदा आणि कुरमुरे आणून खोलीत भडंग केलं. तुला बोलवायचं होतं, पण तुझी किचनमधली पाळी रात्री अकरापर्यंत होती. दिवसा कॉलेज आणि रात्री दुसऱ्यांची भांडी, आणि तरी तू आमच्याबरोबर दोन तास घालवलेस. त्या दोन तासांत तू स्वतः एकच तुकडा खाल्लास. माझ्या ते उशिरा लक्षात आलं. पैसे देऊ केले तेव्हा तू हात मागे घेतलास.

म्हणून हे ऐक. आमची लेक डिसेंबरात चार दिवस इथे येऊन परत म्युनिकला जाणार आहे. सासूबाईंनी थालीपिठाची भाजणी स्वतः बसून भाजली आहे. मेतकूट आहे, आगळाची बाटली आहे, आणि वर्षभर पुरेल एवढं आमसूल. पार्सल म्युनिकहून तुझ्याकडे येईल. पत्ता कळव, आणि नाही म्हणू नकोस. आजी विचारताहेत, तू जेवतेस ना वेळेवर?

तुझी,
चिपळूणची काकू