आधी श्वासाचं बघ

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

काकांच्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली हे वाचून हातपायच गळाले. पण रात्रभर डोक्यात राहिलं ते तुझं एक वाक्य : 'दम लागणं काय, वर्षानुवर्षं आहेच, त्याचं नंतर बघू.' सुहास, नंतरवर टाकू नकोस. आमच्या नानांच्या वेळी आम्ही नेमकं तेच केलं.

काकांची इतकी वर्षं सिगारेट, रोज सकाळी खोकला आणि कफ, चार पायऱ्या चढल्या की धाप. हा बहुधा सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार. श्वासनळ्या आक्रसतात, हवेच्या पिशव्यांच्या भिंती झिजतात आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. कॅन्सर आणि हा आजार एकाच धुराचे. शिवाय सिगारेटचा हिशेब वेगळा काढला तरी सीओपीडीवाल्याला या कॅन्सरचा धोका जास्तच असतो.

नानांची गाठ लहान, पहिल्या स्टेजची. काढली की सुटलो, असं आम्ही धरून चाललो होतो. मग स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी झाली. नाकाला चिमटा, तोंडात नळी, टेक्निशियन म्हणतोय, 'फुंका, अजून, अजून!' नानांची कानशिलं लालबुंद, आणि पडद्यावरची रेघ आपली रांगत वर चाललेली. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, त्यावरून सर्जन हिशेब करतात : फुप्फुसाचा तुकडा काढल्यावर उरेल किती? रक्तात वायू किती शिरतो तेही मोजतात, त्याला डीएलसीओ म्हणतात. हे दोन्ही आकडे अपेक्षित क्षमतेच्या ६० टक्क्यांवर उरणार असतील तर जोखीम कमी. त्याखाली जिने चढवून बघतात, ३० च्या खाली सायकलवरची मोठी तपासणी. नानांचं ऑपरेशन तिथेच थांबलं. अशांना नेमक्या जागी, थोड्याच बैठकांत मोठ्या डोसचं रेडिएशन देतात, ते झालं. गाठ आटोक्यात राहिली. नाना गेले ते छातीतल्या संसर्गाने.

कॅन्सर पसरला असेल तर कॅन्सरचंच पारडं जड असतं. पण गाठ लवकर सापडली असेल, तर माणूस किती जगेल हे बऱ्याचदा उरलेलं फुप्फुस ठरवतं.

आणि मला अजून सलतं ते हे : नाना श्वासाच्या औषधाचा पंप दाबायचे आधी आणि श्वास ओढायचे नंतर. निम्मं औषध जिभेवर. कित्येक वर्षं! आमच्यापैकी कुणीही बसून पाहिलं नाही. शेवटी एका फिजिओथेरपिस्टने स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून दिला, व्यायाम शिकवला, तेव्हा ते न थांबता न्हाणीघरापर्यंत जायला लागले. हे ऑपरेशनचं ठरायच्या आधी व्हायला हवं होतं रे.

काकांची सिगारेट आजच बंद कर. निदान झाल्यावर सोडली तरी फायदा होतो. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींचं डॉक्टरांना विचार. सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये 'फायब्रोसिस' (फुप्फुसात व्रण पडून ते कडक होणं) लिहिलं असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना ते मुद्दाम दाखव, कारण अशा फुप्फुसाला रेडिएशनने किंवा इम्युनोथेरपीने (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी औषधं) सूज येण्याची भीती जास्त.

शनिवारी मी येतोय. जुने एक्स-रे काढून ठेव. आणि काकांना म्हणावं, पंप हाताशी ठेवा, कसा घेता ते मला बघायचंय.

तुझा,
अविनाश