सुध्यास, रॅपिडमधल्या त्या डावाबद्दल

प्रिय सुध्या,

किती महिने झाले, ना पत्र ना फोन. २८ जुलै २०२५ला महिला बुद्धिबळ वर्ल्ड कपच्या फायनलला दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हंपीला रॅपिड टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या झटपट डावांत, हरवलं, तेव्हा तरी तुझ्या नागपूरला फोन करायला हवा होता. राहूनच गेलं. बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठीक.

परवाच्या रॅपिड स्पर्धेचं सांगतो. प्रत्येकाला १५ मिनिटं, वर चालीला १० सेकंद. शेवटची फेरी, समोर दहा वर्षांचं पोरगं, खुर्चीवरून पाय जमिनीला टेकत नव्हते. दोघांचा एकेक हत्ती, माझं एक प्यादं जास्त. पण पठ्ठ्याला फिलिडोर, म्हणजे असा डाव बरोबरीत सोडवायचा बचाव, येत होता! हत्ती आपल्या तिसऱ्या रांगेत धरून बसला. मी प्यादं तिथवर सारलं, तसा त्याचा हत्ती थेट माझ्या पहिल्या रांगेत. आता मागून शहावर शह, डाव बरोबरीत. खुशीत त्याने बाटली उघडून पाणी प्यायलं. घड्याळ दाबायचं विसरला, म्हणजे चाल करूनही वेळ त्याचाच पळत होता.

त्याचे ३८ सेकंद उरले होते. गप्प बसणं नियमात बसतं, ते मला ठाऊक आहे. पण मी नुसता गप्प नव्हतो रे. कपाळाला हात लावून विचारात असल्याचं नाटक केलं. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा, आणि माझी चाल समजून निवांत बसला. शून्य झाल्यावर मी आर्बिटरना बोलावलं. त्याने हात पुढे केला, म्हणाला, "थँक यू, काका."

सांगलीला त्या मिशीवाल्याला तू "घड्याळ दाबा" म्हणालास आणि आपली टीम अर्ध्या गुणाने गेली. पुण्यापर्यंत एसटीत मी तुझ्याशी बोललो नाही. पुढे चार वर्षं तुला दानशूर कर्ण म्हणत राहिलो. (वडापावचे पैसे मात्र कर्णाने माझ्याकडून वसूल केले, ते मी विसरलेलो नाही.) तू एवढंच म्हणाला होतास, "मला पटावर जिंकायचं होतं." तेव्हा मी चुकलो, सुध्या. माफ कर.

तिसऱ्या नंबरच्या बक्षिसाचं पाकीट फोडलेलं नाही. पोराच्या वडिलांचा नंबर मिळवलाय, दोनदा लावून कट केला. त्याला काय सांगू, कसं सांगू, तूच लिही.

वहिनींची बदली झाली का? चिंटूची दहावी ना यंदा? त्याला आशीर्वाद.

तुझा,
अव्या